मिस्तीवर ढग नव्हता

डोळे गेल्यापासून उबाल्दिना सेबायोसला एक गोष्ट पक्की कळली होती. भांडणारं माणूस परवडलं, पण गप्प बसणारं जीव घेतं. भांडणारा दाराशी उभा आहे की चुलीशी, एवढा तरी पत्ता लागतो. आज सकाळपासून सून तोंड मिटून होती आणि दोन खोल्यांच्या घरात ती नेमकी कुठं आहे हे म्हातारीला समजत नव्हतं.

भांडी विसळल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई, उठा. कपडे बदला." मार्लेनीचा आवाज एकदम कानाशीच आला. "यानावाराच्या कमानींकडं जायचंय."

"आज?"

"महिनाभर टुमणं लावलंत ना, कमानींकडं ने, कमानींकडं ने म्हणून. आज नेऊन आणते. उद्या मी जुलियाकाला चाललेय, माझ्या आईकडं. परत यायची नाही."

घरातले कांदे संपलेत म्हणून सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं. उबाल्दिनानं मुकाट्यानं पलंगाच्या कडेवरून झगा ओढून घेतला आणि बाह्या शोधायला लागली.

झालं होतं ते असं. रविवारी सकाळी अदोबो खायचा हा पेरू देशातल्या अरेकिपा शहरात घराघरांतला नेम. कोपऱ्यावरच्या बाईकडून रात्रभर शिजलेला डुकराचा झणझणीत रस्सा पातेल्यात घेऊन यायचा आणि तीन टोकांच्या पावाबरोबर हाणायचा. आजही मार्लेनी पातेलं घेऊन बाहेर पडली. दार लागलं तशी म्हातारीनं उशीखालचा मोबाइल काढला आणि शेजारणीनं शिकवून ठेवलेल्या जागी बोट दाबलं. गेली दोन वर्षं तिचं हे असंच चाललं होतं. सून बाहेर गेली की मुलाचे निरोप ऐकायचे. आवाज लहान कसा करतात ते मात्र तिला शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

एदिलबेर्तो घरभर घुमला. "आई, हे ऐक हं. म्हण बाळा, आज्जी. म्हण ना. आज्जी."

आणि मग ते बोबडं, ओलं, "आज्जी."

म्हातारीनं तो निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळेला दाराशी पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. पाव गुंडाळायचं फडकं विसरलं म्हणून मार्लेनी माघारी आली होती.

"चुकून येतात गं असले कुणाकुणाचे निरोप," म्हातारीनं घाईघाईनं सुरुवात केली.

"नवऱ्याचा आवाज मी ओळखत नाही होय?" मार्लेनी म्हणाली. मग जरा थांबून, "केवढं आहे?"

"दोन वर्षांची."

"म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत आहे."

या ठिकाणी माफी मागायची सोडून उबाल्दिनानं जन्माच्या सवयीनं जे तोंडात आलं ते बोलून टाकलं. "तुला नेवादा चढलीय. आधी दोन घास खा, मग बोलू."

आता हे नेवादा प्रकरण अरेकिपाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. शहराच्या उशाशी मिस्ती ज्वालामुखी बसलेला. त्याच्या डोक्यावर हिमाचा ढग उतरला की खाली माणसांची डोकी फिरतात. नवरा-बायको ताटं आपटतात, न्हावी अर्ध्या दाढीवर गिऱ्हाइकाला हाकलतो, पाद्रीबाबासुद्धा वेदीवरून खेकसतात. कुणी मनावर घेत नाही. नेवादात बोललेलं धरायचं नाही आणि नेवादात ठरवलेलं करायचं नाही, एवढा साधा हिशोब. उबाल्दिनानं तर याच्याच जिवावर सत्तर वर्षं जीभ सैल सोडली होती. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमच्या जुलियाकात वाऱ्याशिवाय पिकतं काय?" ती नेवादा. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर चार बायकांदेखत तिला "वांझोटी" म्हणाली, तीही नेवादा. आणि सुनेनं कधी उलट शब्द काढलाच तर म्हणायची, "तुला कसली गं नेवादा? ती इथल्या मातीत जन्मलेल्याला चढते. तुझा तो नुसता माज."

एकोणीस वर्षं जी गोष्ट सुनेला नाकारली, ती आज द्यायला निघाली, आणि द्यायची वेळ तरी केवढी सुंदर निवडली! त्यानंतर मार्लेनी एक अक्षर बोलली नव्हती. अदोबोसुद्धा आला नाही. पातेलं दाराशी रिकामंच राहिलं.

कोंबी गाडीत मार्लेनीनं तिला खिडकीशी बसवलं, शाल खांद्यावर नीट ओढली, पुलाच्या वळणावर धक्का बसेल म्हणून पाठीमागं हात धरला. म्हातारीला तेच सोसवेना. हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. कंडक्टर थांब्यांची नावं ओरडत होता, मागं कुणाच्या तरी टोपलीत कोंबडी फडफडत होती, आणि उबाल्दिना आपली मनात एकच गोष्ट उगाळत होती. उद्या ही जाणार.

एदिलबेर्तो आठ वर्षांपूर्वी चिलीत आंतोफागास्ताच्या बंदरावर कामाला गेला. आधी सहा महिन्यांनी यायचा, मग वर्षानं, मग नुसता आवाज यायला लागला. दोन वर्षांपूर्वी त्यानं आईला सांगितलं की इथं एक बाई आहे, मुलगी झालीय, मार्लेनीला मी स्वतः सांगेन, तू मध्ये बोलू नकोस. त्यानं काही सांगितलं नाही, आणि हिनंही तोंड उघडलं नाही. त्याच वर्षी काचबिंदूनं तिचा दुसरा डोळा गेला. डोळे गेले तरी ठणका राहिला, तो थांबवायला दिवसातून तीनदा थेंब घालावे लागत. थेंब मार्लेनी घालायची. रात्रीचं सूप मार्लेनी भरवायची, कारण म्हातारीच्या हातून सांडायचं. शाळांचे गणवेश शिवता शिवता मशीन थांबवून तिला मोरीपर्यंत न्यायची. आणि रोज सकाळी दारात उभी राहून तिला मिस्ती सांगायची, "आज धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ आहे आई," नाहीतर, "आज टोपी घातलीय, बोलताना जपून."

उबाल्दिना स्वतःची समजूत घालायची की झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला पोरीच्या जिवाला घोर. पण ती काही इतकी भोळी नव्हती. खरं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. हिला कळलं की ही जाईल, आणि ही गेली की माझं कोण?

यानावारात उतरल्यावर ताडांची सळसळ आली, चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी लग्नाचे तांदूळ झाडत होतं. मार्लेनीनं तिला कमानींखाली नेऊन कठड्यापाशी बसवलं. पांढऱ्या सियार दगडाच्या त्या कमानी, त्यांच्यावर कोरलेली मोठमोठ्या माणसांची वचनं, आणि कमानीतून खाली सगळं शहर नि समोर मिस्ती. उबाल्दिनाला ते पाठ होतं. ऊन तोंडावर आलं त्यावरून डोंगर कुठल्या बाजूला आहे ते तिला कळलं. तिनं तिकडं तोंड केलं आणि वाट बघत बसली.

मार्लेनी शेजारी उभी होती. आज तिनं डोंगर काही सांगितला नाही.

"अगं बया! उबाल्दिना! आहेस होय अजून?" हा आवाज फिदेन्सियाचा. दोघी एका शाळेतल्या. फिदेन्सिया चाळीस वर्षं याच कमानींपाशी लाकडी बादली बर्फात फिरवत केसो एलादो नावाचं आइसक्रीम विकत होती. नावात चीज आणि बादलीत नुसतं दूध, नारळ, दालचिनी, अशी ती गंमत.

"तुझं ते पाणचट दूध संपवल्याशिवाय मरायची नाही मी," उबाल्दिना म्हणाली.

"पाणचट? जिभेला हाड नाही ते नाहीच. घे, खा, आणि मग बोल." फिदेन्सियानं तिच्या हातात गार पेला ठेवला. "मार्लेनी, तुला पण देते गं."

"मला नको, मावशी."

तेवढ्या तीन शब्दांवरून फिदेन्सियाला समजलं की काहीतरी बिनसलंय. ती नुसतीच बादली फिरवत राहिली. उबाल्दिनानं पेला मांडीवर धरला. खायची इच्छा नव्हती. तिच्या डोक्यात एक कल्पना आली होती, आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी ती तिला धरून बसली.

"फिदेन्सिया, मिस्तीवर ढग आहे ना आज?"

"मे महिन्यात कुठला ढग?"

"नीट बघ. मागच्या अंगाला, चाचानी डोंगराच्या बाजूला? बारीकसा?"

"औषधाला नाही. डोळे तुझे गेलेत बाई, माझे नाहीत." बोलून गेल्यावर फिदेन्सियानं जीभ चावली. "तसं नव्हतं गं म्हणायचं मला."

"मग माझं डोकं का ठणकतंय सकाळपासून?"

"म्हातारी झालीस म्हणून."

मार्लेनी हसली. ते हसू ऐकून उबाल्दिनानं पुढचं विचारायचं सोडलं.

"ढग कशाला शोधताय ते कळलं मला," मार्लेनी म्हणाली. "ढग सापडला की म्हणायचं, पोरीला नेवादा चढलीय, आणि नेवादात ठरवलेलं काही करायचं नसतं. नाही का? पण आई, मी जुलियाकाची. आम्हाला चढत नाही. तुम्हीच सांगत आलात ना एवढी वर्षं?"

"मग मला चढली होती," म्हातारी पुटपुटली.

"किती दिवस? दोन वर्षं?" मार्लेनीचा आवाज अजून तसाच सरळ होता. "बरं, तेही चालेल. म्हणा तसं. दोन वर्षं मिस्तीवर ढग बसला होता म्हणा. तुम्ही वांझोटी म्हणालात ते मी मानलं. माझा बाप गेला तेव्हा म्हणालात, एवढ्या थंडीत कोण जाणार तिकडं मयताला, तेही मानून घेतलं. तसं हेही मानते. एकदा म्हणून टाका, आणि चला घरी. मला सामान बांधायचंय."

"म्हण ना गं बाई," फिदेन्सिया हळूच म्हणाली. प्रकरण काय आहे हे तिला माहीत नव्हतं, पण नेवादा म्हटलं की भांडण मिटतं हे तिला जन्मापासून माहीत होतं. "म्हण आणि संपव."

शब्द उबाल्दिनाच्या जिभेवर आला होता. किती सोपं होतं. उद्यापर्यंत तरी शांतता मिळाली असती. सूनबाईनं निघताना गालाला गाल लावला असता, दोघींनी डोळे पुसले असते, कुणी कुणाचं वाकडं केलं नाही असं म्हणत वेगळं होता आलं असतं. तिनं कठड्याचा दगड चाचपला. ऊन पिऊन तो तापला होता. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती, आणि आंधळ्या माणसाला लाज लपवायला डोळे खाली घालायचीही सोय नसते.

"नव्हता ढग," ती म्हणाली.

तिनं तोंड मार्लेनीच्या बाजूला वळवलं.

"रोज सकाळी तूच मला सांगायचीस ना डोंगर? स्वच्छ आहे म्हणालीस त्या दिवशीसुद्धा मी गप्पच राहिले. नेवादा एक दिवस असते, फार तर दोन दिवस. दोन वर्षं असतो तो स्वार्थ. तू सोडून जाशील म्हणून मी बोलले नाही. पोरीला दुःख नको, घर मोडायला नको, ते सगळं मी मला सांगायला रचलेलं. भीती वाटत होती, एवढंच." तिनं शाल ओढून घेतली. "आणि अजून एक आहे. तेही आत्ताच ऐक, पुन्हा माझी हिंमत व्हायची नाही. मला आनंद झाला होता, मार्लेनी. तू मंडईत गेलीस की मी त्या पोरीचं हसणं ऐकायचे. रडणंसुद्धा ऐकायचे. तू माझ्या डोळ्यात थेंब घालत असायचीस आणि माझ्या मनात ती असायची. तू विचारायचीस, आई, आज एवढ्या खुशीत कशा? मी म्हणायचे, आज गुडघा दुखत नाही."

फिदेन्सियाच्या बादलीचा आवाज थांबला होता. पलीकडच्या कमानीखाली कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना जवळ जवळ उभं राहायला सांगत होतं.

"नाव काय तिचं?" मार्लेनीनं विचारलं.

"आंतोनेला."

मग मार्लेनी कठड्यावर बसल्याचं म्हातारीला जाणवलं.

"हे नाव आम्ही ठरवलं होतं," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून."

"मला माहीत नव्हतं गं," उबाल्दिना म्हणाली. "देवाशपथ, हे मला माहीत नव्हतं." आणि मग आपल्या पोराचा तिला भलताच संताप आला. पाठीत धपाटे घालावेत तर तो समुद्राकाठी, आणि वय त्रेचाळीस. तिनं हात पुढं करून सुनेचा हात शोधला. सापडला नाही. तिनं आपला हात परत मांडीवर घेतला.

"जा तू," ती म्हणाली. "उद्याच जा. तुझा हक्क आहे. माझ्याकडं बघून थांबू नकोस. ही फिदेन्सिया येईल थेंब घालायला, ती नाही तर आणखी कुणी येईल. तू जा बाळा."

"जा म्हणे!"

मार्लेनी ओरडली, एवढ्या मोठ्यानं की पलीकडचे फोटोवाले गप्प झाले.

"तू कोण गं मला जा म्हणणारी? आठ वर्षं तो नाही त्या घरात. मी कुणासाठी राहिले? त्याच्यासाठी? रविवारच्या त्या पाच मिनिटांसाठी? अगं म्हातारे, एकदा तरी मला विचारावंसं वाटलं का तुला? सांगितलं असतंस तर मी रडले असते, ताटं फोडली असती, त्याच्या नावानं खडे फोडले असते, तुला पण फोडायला लावले असते. पण मी तुला टाकून गेले असते, असं कोण बोललं? स्वतःच ठरवलंस, स्वतःच भ्यालीस, आणि दोन वर्षं मला माझ्याच घरात येड्यात काढलंस! लबाड! लबाड बाई आहेस तू!"

"पोरी, मोठ्या माणसाशी असं बोलतात का," फिदेन्सिया मध्ये पडली.

"तू गप गं, फिदेन्सिया," उबाल्दिना म्हणाली. "बोलू दे तिला."

एकोणीस वर्षांत मार्लेनीनं तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. सासूशी अहो-जाहोनं वागतात. तोंडावर लबाड म्हणून, अगं-तुगं करून भांडतात ते आईशी. उबाल्दिना जागच्या जागी ताठ बसून एकेक शब्द ऐकत होती, आणि एकही चुकू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती.

मार्लेनी आता रडत होती. सकाळपासून अडलेलं सगळं बाहेर पडत होतं, हुंदके देऊन, नाक ओढत, मधेच एदिलबेर्तोला शेलक्या शिव्या घालत. त्यातल्या दोन जुलियाकाकडच्या होत्या आणि म्हातारीला कळल्या नाहीत. फिदेन्सियानं एप्रनचं टोक पुढं केलं. मार्लेनीनं त्यात तोंड पुसलं.

"उद्या मी जाणारच आहे," ती म्हणाली.

"जा."

"पुन्हा जा म्हणालीस!"

"नाही म्हणत."

"आठ दिवस माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडणार आहे. तुझ्यासमोर मला धड रडता येत नाही, तू लगेच सूप मागतेस." तिनं खाडकन नाक शिंकरलं. "तोवर मावशी थेंब घालतील. सकाळ, दुपार, रात्र, दोन-दोन. मावशी, चुकवायचे नाहीत. आणि मी आल्यावर तो मोबाइल मला द्यायचा. रविवारी त्याचा आवाज आला की मी बोलणार. तुला बोलायचं ते माझ्यानंतर."

"आल्यावर?" उबाल्दिनानं विचारलं.

मार्लेनीनं म्हातारीच्या मांडीवरचा पेला उचलला, आतला चमचा ढवळून पाहिला आणि पुन्हा तिच्या हातात कोंबला.

"खा ते आता. वितळून पाणी झालंय सगळं. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

उबाल्दिनानं चाचपडत चमचा शोधला आणि खायला लागली.